एकवीस तांबे

त्या शुक्रवारी माझा तिसरा दिवस होता, म्हणून मी मागच्या खोलीत खिडकीशी चटई टाकून गोधडी शिवत बसले होते. सकाळचे साडेसात झाले असतील. आभाळ भरून आलेलं आणि वारा पडलेला. एवढ्यात हे मागच्या दारानं अंगणात आले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, हातात पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली. औदुंबरापाशी गेले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खांद्यावरचा पंचा जमिनीवर अंथरला. झाडाखालच्या काळ्या फरशीवर माझ्या संगमरवरी पादुका होत्या. त्या दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तशा उचलून त्यांनी पंच्यावर ठेवल्या. मग माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले आणि बादलीतलं सगळं पाणी तिथं जिरवत जिरवत ओतलं.

माझी सुई जिथल्या तिथं राहिली.

नऊ वर्षं मी हे बघायला थांबले होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अंगणात मी ते औदुंबराचं रोप लावलं आणि व्रत धरलं. रोज सकाळी अंघोळ करून, दत्ताचं नाव घेत, झाडाला एकवीस तांबे पाणी घालायचं. ज्या दिवशी हे आपल्या हातानं, कुणी न सांगता, एक तांब्या तरी घालतील त्या दिवशी व्रत पुरं झालं. मग उद्यापन. ‘कुणी न सांगता’ ही अट माझी मीच घालून घेतली होती. माझी आई म्हणायची, सांगून जोडलेले हात सांगणाऱ्याचे असतात.

ह्यांना देवाचं वावडं होतं असं नाही. देवाचा विषय निघाला की हे चष्मा पुसायला घेत, एवढंच. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि घरी आले की रेडिओ. ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. सरकारी परवाना घेऊन घरच्या घरी यंत्र जोडायचं, गच्चीवर तारा ताणायच्या आणि जगात कुठंही बसलेल्या आपल्यासारख्याच हौशी माणसाशी गप्पा मारायच्या. अशा लोकांना हॅम म्हणतात, हे मला लग्न ठरताना सांगितलं होतं. माझ्या काकांनी मात्र आठवडाभर सगळ्या कुरुंदवाडात मुलगा आकाशवाणीवर आहे असं सांगितलं.

विट्याबाहेरच्या माळावर आमची कॉलनी. सगळी घरं बैठी, त्यात आमच्या गच्चीवर चाळीस फुटी लोखंडी खांब. त्या खांबावरून एरियलची तार सुटून पलीकडच्या शेवग्याला बांधलेली. खांबावरून एक जाड काळी केबल खिडकीतून आत ह्यांच्या टेबलापर्यंत यायची. त्या केबलीतून कधी श्रीलंका यायची, कधी रशिया यायचा, आणि एकदा वैशाखात वीज आली.

ते सांगायलाच हवं. त्या शुक्रवारच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. वळवाचा पाऊस होता. वीज आमच्यावर पडलीही नव्हती, मळ्यातल्या नारळावर पडली होती. पण तारेनं ती हुंगली आणि ह्यांनी सात वर्षं एकेक भाग जमवून बांधलेला सेट आतल्या आत जळून गेला. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले आणि म्हणाले, “चूक विजेची नाही. माझी आहे.” त्यानंतर कुठं लांब गुरगुरलं तरी हे हातातला घास टाकून धावत. केबलीचं टोक सेटपासून सोडवून घ्यायचं आणि एका काचेच्या बरणीत घालून ठेवायचं. काचेतून वीज जात नाही म्हणे. बरणी माझी होती, लोणच्याची. मी देवापुढं बसून अर्जुनाची दहा नावं म्हणत असे आणि हे बरणीपुढं बसून आभाळाकडं बघत असत. दोघांचंही घाबरणं सारखंच होतं, नमस्काराच्या दिशा तेवढ्या वेगळ्या.

त्याच वर्षी मी वडिलांच्या वर्षश्राद्धाला दहा दिवस माहेरी गेले होते. कुरुंदवाडहून दत्ताची वाडी हाकेच्या अंतरावर. तिथून मी या संगमरवरी पादुका घेतल्या. मनात होतं, औदुंबराखाली कधीतरी चौथरा बांधून घेऊ. परत आले तर औदुंबराखाली विटांचं छोटंसं चौकोनी बांधकाम आणि त्यावर काळी कडप्प्याची फरशी, चारी कडा घासून गुळगुळीत केलेली. मी पिशवी तशीच खाली ठेवली. ह्यांना न सांगता निरोप पोचला होता. मी पादुका काढल्या, फरशीवर ठेवल्या आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हे दारात उभे होते. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

तेव्हापासून ह्यांच्यात फरक पडत गेला. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी कॉलेजला जाताना विचारत, झाडाला पाणी घातलंस ना? उन्हाळ्यात तर दोनदा. नळाला दिवसाआड पाणी यायचं, शेजारणी भांड्यांना पाणी नाही म्हणून कुरकुरायच्या, आणि हे मात्र म्हणत, झाडाचं कमी करू नकोस, पाहिजे तर मी माझी अंघोळ अर्ध्या बादलीत करतो. मी भजनी मंडळात हे सांगितलं तेव्हा मालनवहिनी शेट्यांनी हातातले टाळ मांडीवर ठेवले आणि बाकीच्यांना म्हणाल्या, शिका काहीतरी.

मालनवहिनी आमच्या शेजारी. मी बाजूला बसले की चार दिवस एकवीस तांबे त्या घालत. त्या आठवड्यात नेमक्या त्या बहिणीकडं सांगलीला गेल्या होत्या. दोन दिवस झाडाला पाणी नव्हतं आणि माझ्या जिवाला चैन नव्हती. ह्यांना सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की अट मोडली. आणि तिसऱ्या दिवशी हे आपणहून बादली घेऊन आले. आता माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं काय समजायचं?

मी ह्यांना काही बोलले नाही. शनिवारी अंघोळ झाल्यावर पहिली मालनवहिनींकडं गेले. त्या नुकत्या एस्टीतून उतरल्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि पंचांग काढलं. कोजागिरीनंतरचा गुरुवार ठरला. दुपारी चारला भजन, मग एकवीस सवाष्णींना जेवण. दूध-साखर कुणी घालायची, पाट कुणाकडून आणायचे, सगळं त्या दारातच ठरलं.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे कानाला हेडफोन लावून बसले होते, एक कान मोकळा ठेवून. माझ्यासाठी तो मोकळा ठेवायची त्यांची सवय होती. म्हटलं, व्रत पुरं झालं, येत्या गुरुवारी उद्यापन आहे.

“उद्यापन म्हणजे?”

“म्हणजे सांगता. व्रत संपलं.”

ह्यांनी दुसरा कानही मोकळा केला. “संपलं म्हणजे पाणी घालणं बंद?”

“रोजचे एकवीस बंद. आता झाड मोठं झालंय, त्याचं ते बघेल.”

ह्यांचा चेहरा पडला. पार पडला. चष्मा काढला पण पुसला नाही. म्हणाले, “इतकी वर्षं केलंस, अजून करावंस. अचानक कशाला सोडायचं?”

मी आत येऊन देवापुढं बसले. मागितला होता एक तांब्या, आणि देवानं मला अख्खा समुद्र दिला होता. व्रत संपतंय म्हणून ज्याच्या डोळ्यांत काळजी येते तो नवरा कुणाच्या नशिबात असतो? मालनवहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अनसूया, तुझ्याकडच्या प्रसादाला मी दोनदा हात पुढं करणार बघ.”

गुरुवार उजाडला. पहाटेपासून माझा पुरणाचा घाट. सकाळी दहाच्या सुमाराला फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि घाटगे भावजी आले. ते ह्यांचे कॉलेजच्या दिवसांपासूनचे मित्र, वीज खात्यात नोकरीला. एका हातात लाकडी पेटी, दुसऱ्या हातात वायरींची वेटोळी. मला वाटलं, उद्यापनाचं कळलं म्हणून आले. मी पाणी दिलं, म्हटलं उद्यापनाचं जेवूनच जायचं. ते म्हणाले, जेवतो की, आधी काम करून घेऊ, परतीचा पाऊस यंदा वाईट आहे, काल खानापूरकडं विजेनं दोन म्हशी गेल्या. आणि सरळ मागच्या अंगणात गेले. मी पदराला हात पुसत मागं गेले.

हे पायजम्याची नाडी बांधत धावत आले, म्हणजे न्हाणीतूनच. पण तोवर घाटगे भावजी औदुंबराशी पोचले होते.

“वहिनी,” ते म्हणाले, “या पादुका जरा बाजूला घ्याल का? अर्थिंग मोजायचंय.”

मला कळलं नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मग तो परत घातला, खांद्यावरचा पंचा अंथरला, पादुका त्यावर ठेवल्या आणि दोन्ही हातांनी कडप्प्याची फरशी उचलून भिंतीला टेकवली.

खाली खड्डा होता. चारी बाजूंनी वीट, आत काळा ओला कोळसा, आणि मधोमध जमिनीत खोल गेलेली तांब्याची कांब. कांबीला एक पट्टी आवळलेली, ती पट्टी मातीखालून भिंतीकडं, आणि भिंतीवरून वर, गच्चीवर, खांबाला. ती पट्टी मी दोन वर्षं बघत होते. ती कुठं जाते हे मी कधी विचारलं नव्हतं.

घाटगे भावजींनी दोन लोखंडी खुंट्या लांब अंतरावर ठोकल्या, वायरी जोडल्या, पेटीचं हँडल फिरवलं आणि काट्याकडं बघून शीळ घातली. तीन, ते म्हणाले. मग मला समजावून सांगितलं. खांबावर पडलेल्या विजेला जमिनीत शिरायला जेवढी अडचण, तेवढा हा आकडा मोठा. आमच्या मुरमाड माळावर चाळीस-पन्नास येतो, आणि इथं तीन. एवढा त्यांच्या सबस्टेशनलाही येत नव्हता.

“मीठ किती घातलंस रे?” त्यांनी विचारलं.

“मीठ नाही घातलं,” हे म्हणाले. “मिठानं झाड मरेल.”

“मग तीन कसा?”

ह्यांनी खाली वाकून कोळशाची ओल चाचपली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “ही रोज पाणी घालते. एकवीस तांबे. सगळ्या अंगणात कायम ओल असलेली एवढी एकच जागा आहे.”

घाटगे भावजींना काय घडतंय याची कल्पना नव्हती. त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले, वहिनी, तुम्हाला आमच्या खात्यात घ्यायला पाहिजे. मग ते तोंड धुवायला आत गेले.

आम्ही दोघंच राहिलो. चुलीवर पुरण होतं, त्याचा वास अंगणात आला होता.

“त्या शुक्रवारी,” मी विचारलं, “पाणी कशासाठी घातलंत?”

हे खोटं बोलत नाहीत. आयुष्यात मला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता.

“दोन दिवस पाणी पडलं नव्हतं,” हे म्हणाले. “आणि आभाळ आलं होतं.”

“आणि हा चौथरा?”

“तू आलीस आणि पादुका ठेवल्यास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा काय सांगू? मग जितके दिवस जास्त गेले तितकं सांगणं अवघड झालं.” तेव्हा मी माझी अट सांगितली, कुणी न सांगता ह्यांच्या हातचा एक तांब्या. हे म्हणाले, “हे मला माहीतच नव्हतं गं. अट काय आहे ते तू कुठं सांगितलं होतंस? आत्ता घालू का एक तांब्या?”

“सांगून घातलेला चालत नाही.”

“मी विचारतोय. तू कुठं सांगतेयस?”

मला हसू येईल अशी भीती वाटली, म्हणून मी आत गेले. पुरण खाली लागलं होतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी स्वयंपाक केला, पण माझं मन पोळपाटावर नव्हतं. व्रत पुरं झालेलं नव्हतं, हे उघड होतं. ह्यांनी पाणी घातलं ते तारेला, दत्ताला नाही. मग उद्यापन कसलं? पण एकवीस बायका यायच्या होत्या आणि कुणाच्या ना कुणाच्या घरचे पाट येऊन पडले होते. चारचौघींत ह्यांची भक्ती मीच गाजवली होती. न सांगता उद्यापन केलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, घाटगे भावजी जेवून गेले असते, हेही गप्प राहिले असते. फक्त मला आणि झाडाला माहीत असतं. पोळ्या लाटताना हा विचार मी तीनदा केला, आणि तिन्ही वेळा पोळी फाटली.

चार वाजता बायका आल्या तेव्हा उन्हाचा रंग बदलला होता. पश्चिमेकडं शाईची दौत कलंडल्यासारखं आभाळ. मालनवहिनींनी पेटीवर सूर धरला आणि पहिला गजर सुरू होतो न होतो तोच लांबवर गुरगुरलं. हे बाहेरच्या खोलीतून उठले. दोन मिनिटांनी भजनाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, हातात काहीच नाही.

“बरणी कुठाय?” हे हळूच म्हणाले.

मला ब्रह्मांड आठवलं. उद्यापनाच्या गडबडीत बरणी मी घासूनपुसून परत घेतली होती.

“लिंबाचं लोणचं घातलंय,” मी म्हटलं.

बायका टाळ धरून दोघांकडं बघत होत्या. ह्यांनी मान डोलावली, जणू काही कुणीही बरणीत लोणचं घालणं हे समजण्यासारखंच होतं, आणि गेले. नंतर कळलं की केबलीचं टोक सोडवून त्यांनी खिडकीबाहेर लांब लोंबतं सोडून दिलं होतं, आणि सेटवर माझी जुनी सतरंजी पांघरली होती. विजेला सतरंजीचं काय, असं मी पुढं विचारलं तेव्हा म्हणाले, काहीतरी करावंसं वाटलं.

गजर संपला. आरतीआधी मी उठून उभी राहिले. आता सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. “मला एक सांगायचंय,” एवढं बोलले आणि खोली पांढरी झाली.

आवाज नंतर आला असं म्हणतात. मला दोन्ही एकदमच आल्यासारखे वाटले. कानात नुसतं गुंऽ. वरचा बल्ब फुटून काचा पाटावर पडल्या, मीटरच्या पेटीतून ठिणगी उडाली, कुणाच्या तरी हातातले टाळ खाली पडून वाजत राहिले. मग काडेपेटी अख्खी पेटावी तसा वास. देवापुढची समई मात्र तेवत होती. मी अर्जुनाचं पहिलं नाव घेतलं आणि पुढची नऊ आठवेनात.

हे धावत दारात आले. आधी माझ्याकडं बघितलं, मग बायकांकडं, एकेकीकडं बोट करत मोजायला लागले. एकवीस भरल्या तेव्हा दाराच्या चौकटीला टेकले. घाटगे भावजी मागच्या खिडकीशी गेले आणि त्यांनी आम्हाला हाक मारली.

खांबाच्या टोकाला एरियल नव्हतं. तार तुटून शेवग्यावर गुंडाळली होती. भिंतीवरची तांब्याची पट्टी एका जागी काळीनिळी पडली होती. आणि औदुंबराखाली, पादुकांच्या चौथऱ्याच्या फटींतून पांढरी वाफ निघत होती. झाडाची एका बाजूची पानं करपली होती, बाकी झाड उभं होतं. पादुका जागच्या जागी होत्या. खांबावर पडलेली वीज सगळी त्या ओल्या मातीत उतरून गेली होती.

मालनवहिनींनी पदर डोक्यावर घेतला. म्हणाल्या, दत्तानं झेलली. नवऱ्याच्या हातचं पाणी पोचलं आणि त्यानं घर राखलं. बघा गं, उद्यापनाच्या दिवशी साक्ष दिली. बायकांनी हात जोडले. दोघी-तिघींनी ह्यांनाच हात जोडले. हे कानापर्यंत लाल झाले आणि माझ्याकडं बघितलं. घाटगे भावजींनी समजावून सांगायला तोंड उघडलं, ह्यांनी त्यांचा दंड धरला. मी समजले. आज माझं खोटं हे आपल्या अंगावर घेणार होते. आयुष्यात पहिल्यांदा.

ते मला सोसलं नाही.

“मालनवहिनी,” मी म्हटलं. माझा आवाज मुळात लहान, पण त्या वेळी खोलीत दुसरा आवाजच नव्हता. “ते पाणी दत्ताला नव्हतं. तारेला होतं. त्या फरशीखाली खांबाची कांब पुरलेली आहे, ती ओली राहावी म्हणून घातलेलं. मला आज सकाळी कळलं. व्रत पुरं झालेलं नाही. तुम्हाला बोलावून मी चूक केली.”

बाहेर पाऊस कोसळायला लागला होता. मालनवहिनी ह्यांच्याकडं वळल्या.

“खरं का हो, भावजी?”

“खरं,” हे म्हणाले.

“म्हणजे दोन वर्षं आम्ही तुमच्या कांबीला नमस्कार घातले?”

“हो,” हे म्हणाले. आणि मग, प्रामाणिकपणानं, “मी दर वेळी सांगणार होतो.”

मालनवहिनी हसायला लागल्या. त्यांचं हसणं पोटातून यायचं, त्यात पेटीचा भाता हलायचा. एक हसली की दुसरी, असं करत सगळी खोली हसायला लागली. भीती होती ती, ती अशी बाहेर पडली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, भावजी, आमच्या यांनीही असाच कुठं काही खड्डा केला असेल तर सांगा हो, मी उगाच प्रदक्षिणा घालत असेन. मग माझा हात धरून मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, “तांब्या त्याचा नसेल. नऊ वर्षांचे तांबे कुणाचे? बस खाली. उद्यापन नाही तर नाही, पुरणपोळी काय पाप केलंय?”

सगळ्या जेवल्या. घाटगे भावजी सात पोळ्या जेवले. लोणचं संपलं. मालनवहिनींचा टीव्ही त्याच विजेनं गेला होता, पण ते त्यांना घरी गेल्यावर कळलं, त्यामुळं प्रसाद त्यांनी खरोखर दोनदा घेतला.

बायका गेल्या तेव्हा पाऊस थांबला होता. अजून उजेड होता, धुऊन निघाल्यासारखा. सगळं अंगण तळं झालेलं. मी उष्ट्या पत्रावळी मागच्या पडवीत एकावर एक रचत होते, पडवीच्या लाकडी खांबाच्या आडोशाला. हे स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर आले. मी तिथं आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला. मला वाटलं खड्ड्याची काय अवस्था झाली ते बघायला निघाले. पण त्यांनी फरशीला हात लावला नाही. पादुकाही उचलल्या नाहीत. औदुंबराला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, जिकडची पानं करपली होती, जिकडं कांब नव्हती, पट्टी नव्हती, काही नव्हतं.

त्यांच्या हातात माझा तांब्या होता. भरलेला.

घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी तो तांब्या झाडाच्या बुंध्याशी रिकामा केला. जमीन एक थेंबही घेत नव्हती, ओतलेलं पाणी नुसतं तळ्यात मिसळून गेलं. त्या दिवशी त्या झाडाला, त्या कांबीला, कुणालाही पाण्याची गरज नव्हती, आणि ही गोष्ट सबंध कॉलनीत ह्यांच्याइतकी चांगली दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. नमस्कार केला नाही. खोडावर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आजारी माणसाचा ताप बघावा तसे. मग काहीतरी पुटपुटले, बहुतेक इंग्रजीत, आणि आत गेले.

मी पत्रावळी खाली ठेवल्या आणि तिथंच ओट्यावर बसले.

त्या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. ह्यांना मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. नवं एरियल पुढच्या महिन्यात चढलं. घाटगे भावजी दर वर्षी पेटी घेऊन येतात, हँडल फिरवतात, तीनच आहे म्हणतात आणि जेवून जातात.

मालनवहिनींना मात्र त्या तळ्यातल्या तांब्याचं मी सांगितलं. त्या तिथल्या तिथं पंचांग काढायला उठल्या. व्रत पुरं झालं, आता उद्यापन उरकून टाक, म्हणाल्या. मी म्हटलं, करू, पण एवढा परतीचा पाऊस जाऊ दे. पुढं वैशाखात त्यांनी परत विचारलं. तेव्हा मी म्हटलं, एवढा वळीव जाऊ दे. अजून त्या विचारतात. गेल्या गुरुवारीच विचारलं. मी तांब्या घेऊन अंगणात निघाले होते, अठरा झाले होते, तीन राहिले होते. म्हटलं, वहिनी, मोजण्यात चूक होईल, थांबा जरा.